टाकं रिकामं हवं

मोजणीयंत्राच्या लेझरला पाण्याखालचं दिसत नाही, म्हणून ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या रानमेंढ्यांच्या कातळटाक्यातलं उरलंसुरलं पाणी डेल्फिनाने पिंपांत उपसलं. मोजून झालं की परत ओतायचं. टाक्यात किती मावतं हे कळल्याशिवाय कचेरीतून पाण्याचा टँकर मंजूर होणार नव्हता. यंत्र गरगरू लागलं. मापात अडथळा नको म्हणून ती आणि सोबतचा ऑर्विल खडकाआड बसले. तेवढ्यात कड्यावरून एक मेंढी उतरली, टाक्यात शिरली आणि ओला दगड चाटू लागली. “हाकल तिला! माप बिघडेल,” ऑर्विल कुजबुजला. “बरगड्या बघ तिच्या,” म्हणत डेल्फिनाने पिंपाची नळी टाक्यात टाकून तोटी सोडली. “बाईसाहेब, पुन्हा उपसायला मी नाही हं!” नळीतून पाणी मेंढीच्या खुरांपाशी पोचलं. पिताना तिने मान वर केलीच नाही. यंत्र फिरतच होतं. “कचेरीत काय सांगायचं?” दुसऱ्या पिंपाची नळी टाक्यात सोडत ऑर्विलने विचारलं. “टाकं वापरात होतं.”