गोठ्यातली लाईट

"वायरमन न्हाय, कोण न्हाय. घरापासनं गोठ्यापतोर सगळी लाईन मी सोता ओढली," बाळगोंडा मास्तर म्हणाले आणि मागच्या दाराशेजारचं बटण त्यांनी ऐटीत दाबलं. परसातल्या पत्र्याच्या गोठ्यात लख्ख उजेड पडला.

म्हैस बघायला आलेल्या आकारामनं एकदा बल्बकडे बघितलं आणि मग म्हशीकडे. त्याला काही बल्ब न्यायचा नव्हता. वाडीत त्याचं बासुंदीचं दुकान होतं आणि दावणीला चार म्हशी होत्या. सोनी म्हशीला बाजार दाखवायचा नाही, कुणाच्या तरी घरातच द्यायची, एवढी एकच अट मास्तरांच्या बायकोनं, प्रभावतीनं, घातली होती. बाकी सगळं मास्तरांनी ठरवलं होतं.

ठरवायला कारणही तसंच झालं होतं. तीन आठवडे सोनी संध्याकाळची धार काढू देत नव्हती. सकाळी गरिबासारखी उभी राहायची. संध्याकाळी प्रभावती बादली घेऊन बसायचा अवकाश, की लाथा झाडायची.

"जनावर झकास हाय ओ," मास्तर आकारामला समजावत होते. "हिचा हात गेलाय. बोटांत मुंग्या येत्यात म्हणती. वय झालं की! डॉक्टरनं गोळ्या दिल्यात, त्यानंबी फरक न्हाय."

प्रभावती पदराच्या टोकानं बादली पुसत उभी होती. तीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या नवऱ्यापुढे तिनं वाद घालणं कधीच सोडून दिलं होतं, आणि मास्तर त्याला समजूतदारपणा म्हणायचे.

"मी बसून बघू काय?" आकाराम म्हणाला. गोठ्याच्या तोंडाशी त्यानं चपला काढल्या. प्रभावतीच्या चपला तिथं होत्याच. पायांत काही घालून ती कधी गोठ्यात शिरली नव्हती. मास्तर मात्र रबरी चपला फटफट वाजवत आत गेले. "गोठा म्हंजे काय देऊळ हाय?" असं ते बायकोला नेहमी विचारायचे.

फरशी नुकतीच धुतलेली होती. आकारामनं सोनीच्या पाठीवरून हात फिरवला. तिला जरा आखडून बांधावी म्हणून त्यानं साखळी सोडवायला लोखंडी खांबाला हात लावला आणि ओरडतच मागे उडाला. बादली कलंडली.

"आयला! करंट हाय की खांबाला!"

"छ्या! कायतरीच." मास्तर पुढे झाले आणि त्यांनी वर्गाला दाखवावं तसा खांब मुठीत धरला. "ह्ये बघा. कुठं हाय करंट?"

आकाराम हात झटकत त्यांच्या पायांकडे बघत होता.

"मास्तर, चपला काढा."

मास्तरांना तिथंच सगळं कळलं. चपला न काढताही भागलं असतं. पण प्रभावती आपल्या बोटांकडे बघत होती. त्यांनी चपला काढल्या, ओल्या फरशीवर पाय टेकले आणि बोटाची मागची बाजू खांबाला जराशी लावली. कोपरापर्यंत मुंग्या चढल्या.

तीन आठवड्यांपूर्वी वायर त्यांनी पत्र्याला भोक पाडून आत घेतली होती. तिथं वायरीवर रबरी नळी चढवायची राहिली होती, आणि पत्र्याच्या कडेनं ती सोलली गेली असणार. अर्थिंगचा खड्डाही गुडघ्याचं निमित्त करून सवडीवर टाकलेला. आकृतीत अर्थिंग विसरणाऱ्या पोरांचे ह्याच मास्तरांनी मार्क कापले होते. सकाळच्या धारेला लाईट लागत नसे. रोज संध्याकाळी ती लागायची तेव्हा सोनी ह्याच खांबाला लोखंडी साखळीनं बांधलेली, आणि तिच्या कासेशी प्रभावती, अनवाणी. मंगळवारी तर त्यांनी सोनीला काठीनं मारलं होतं. "तूच लाडानं बिघडवलीस," असं वर बायकोलाही ऐकवलं होतं.

"पावसाळी हवेनं कवाकवा..." त्यांनी सुरुवात केली.

"लाईन तुमीच ओढलीया न्हवं?" आकारामनं विचारलं. त्याच्या बोलण्यात खोच नव्हती. त्याला खरंच माहिती हवी होती.

"व्हय," मास्तर म्हणाले. इतकी लाज त्यांना उभ्या जन्मात वाटली नव्हती. चपला हातात घेऊन ते तसेच घराकडे गेले आणि त्यांनी बटण बंद केलं.

ते परत आले तेव्हा प्रभावतीनं सोनीला बाहेर सीताफळाच्या झाडाला बांधलं होतं आणि बादली विसळून ती धारेला बसली होती. सोनी शांत उभी होती. मावळतीच्या उजेडात दुधाच्या धारा बादलीत वाजत होत्या. आकाराम थोडा वेळ ऐकत उभा राहिला.

"वैनी, ह्या हाताला कोण नावं ठेवतंय?" तो म्हणाला. "म्हस काय द्यायची न्हाई आता. येतो मी."

तो गेला. मास्तर म्हशीजवळ जायला निघाले, तशी सोनीनं कान टवकारले आणि ती त्यांच्यापासून लांब सरकली. प्रभावतीनं तिच्या मांडीवर हात ठेवून तिला थांबवलं. मास्तर जागच्या जागी उभे राहिले. चुकलं, एवढं एकच म्हणायचं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका तपासलेल्या त्या माणसाला तो शब्द काही केल्या बाहेर काढता येईना.

"उद्यापासनं त्या गोळ्या घेऊ नको," ते शेवटी म्हणाले.

प्रभावतीचे हात थांबले नाहीत. तिनं मान वळवून त्यांच्या उघड्या पायांकडे बघितलं.

"बरं," ती म्हणाली. "पयलं त्या चपला घाला. वलं हाय तितं."