गुळगुळीत वण

सिस्टरनं पट्टी सोडली, दंड उजेडाकडे वळवला आणि विचारलं, "तुम्हाला लहानपणी देवी टोचल्या होत्या, असं कुणी सांगितलं?"

ड्रायव्हर हसला. अंगात ताप होता, काखेतली गाठ ठणकत होती, तरी हसला. साथीच्या रुग्णालयाची गाडी तो चालवत होता तीच मुळी दंडावरच्या वणाच्या जोरावर. नोकरीला लागताना डॉक्टरांनी वण पाहून कागदावर खूण केली होती. गेल्या तीन महिन्यांत त्यानं देवीचे अडतीस रुग्ण घराघरांतून उचलून आणले होते, तेही उघड्या हातांनी. स्ट्रेचरचं दुसरं टोक धरणारा लंबू मोजे घालायचा, तोंडाला फडकं बांधायचा आणि रुग्णाच्या उशाकडे म्हणून कधी जायचा नाही. ड्रायव्हर त्याची रोज टर उडवायचा. "माझ्या दंडावर शिक्का आहे, लंबू. मला कोण अडवतंय!"

मग नोंदणीच्या खिडकीवरचा कारकून देवीनं गेला. त्याच्याही दंडावर लहानपणचा वण होता. दुसऱ्याच दिवशी हुकूम निघाला: वण असो वा नसो, प्रत्येकानं पुन्हा टोचून घ्यायचं. ड्रायव्हर कुरकुरत सगळ्यांच्या शेवटी गेला. त्याला आज आठ दिवस झाले होते.

"आईनं सांगितलं," तो म्हणाला. "आणखी कोण सांगणार?"

सिस्टरचे डोळे जागरणानं सुजले होते. तिनं खुर्ची पुढे ओढली. "लहानपणी टोचलेल्या माणसाला पुन्हा टोचलं की बहुतेकदा थोडं लाल होतं, खाज सुटते आणि आठवड्यात विषय संपतो. गेल्या आठवड्यात मी असे दोनशे दंड पाहिले. तुमचा फोड बघा. टपोरा, मध्ये खळगा, भोवती तळहाताएवढी लाली. वर ताप. तान्ह्या पोराला पहिल्यांदा टोचल्यावर असं होतं." तिनं जुन्या वणावरून बोट फिरवलं. "आणि देवी टोचल्याच्या वणात बारीक बारीक खड्डे असतात. हा गुळगुळीत आहे. हा भाजल्याचा वण आहे."

त्यानं वणावर अंगठा घासून पाहिला.

"तीन महिने तुम्ही कसे वाचलात, ते मला विचारू नका," सिस्टर नवी पट्टी बांधत म्हणाली. "आता मात्र लस छान धरली आहे. खपली पडेपर्यंत घरी बसा."

घरी आई खिडकीशी बसून उसवलेली उशी शिवत होती. त्यानं सदऱ्याची बाही वर केली आणि तिच्यासमोर उभा राहिला.

"आई, हे कशानं भाजलं?"

आईची सुई थांबली. तिनं नाही म्हटलं नाही. जणू हा प्रश्न कधी ना कधी दारात येणार हे तिला ठाऊकच होतं.

"खिळ्याचं डोकं तापवलं होतं," ती म्हणाली. "तुझ्या आधीची ताई टोचल्यावर आठव्या दिवशी गेली. कशानं गेली, देव जाणे. मला वाटलं, सुईनंच गेली. टोचणारे पुन्हा दारोदार फिरत होते. वण नसलेलं पोर दिसलं की सोडत नसत. मी तुला मांडीवर घेतलं आणि..." तिनं उशीत तोंड घातलं नाही, डोळेही पुसले नाहीत. नुसती हातातल्या दोऱ्याकडे बघत राहिली.

"आणि मी गाडीवर लागलो तेव्हा? ही साथ आली तेव्हा?"

"रोज सकाळी ठरवायचे, आज सांगते. तू डबा उचलून निघायचास. म्हणायचास, आई, मला काही होत नाही." ती थांबली. "चाळीस वर्षं एकच खोटं बोलले रे. मलासुद्धा ते खरं वाटायला लागलं होतं."

त्याला ओरडायचं होतं. पण तापानं अंगात त्राण नव्हतं, आणि समोर बसलेल्या बाईच्या अंगात तर त्याहून कमी होतं. तो तिच्याशेजारी जमिनीवर बसला. तिनं त्याच्या कपाळाला हात लावला आणि पाणी आणायला उठली.

खपली पडल्यावर तो कामावर गेला. पहिलाच रुग्ण एक सुतार होता, तिसऱ्या मजल्यावरचा. जिना इतका अरुंद की स्ट्रेचर वळेना. अशा वेळी ड्रायव्हर रुग्णाला हातांवर उचलून आणायचा. तो नेहमीसारखा खोलीत शिरला आणि पलंगापासून दोन पावलांवर थबकला.

सुताराच्या चेहऱ्यावर बोट टेकवायला जागा उरली नव्हती. तळव्यांवरसुद्धा फोड होते. चादर पाठीला चिकटली होती. खोलीत फोडांचा तो वास होता. अडतीस वेळा हेच सगळं त्याच्यासमोर आलं होतं, पण त्यानं ते कधी पाहिलंच नव्हतं. अडतीस माणसांचा श्वास आपल्या तोंडावर आला होता, हे आता त्याला कळत होतं. सिस्टरनं सांगितलं होतं, आता काळजीचं कारण नाही. ते त्याच्या डोक्याला पटत होतं, पाय मात्र ऐकत नव्हते.

"मी उचलू का?" दारातून लंबूनं हळूच विचारलं. रोजच्या टरीचा राग त्याच्या आवाजात नव्हता.

ड्रायव्हरनं नकारार्थी मान हलवली.

सुताराची बायको कोपऱ्यात उभी होती. दोन दिवसांत शेजारपाजारचं कुणी उंबरा ओलांडून आलं नव्हतं. तिनं त्याच्या जागीच थांबलेल्या पावलांकडे पाहिलं. "तुम्हीपण घाबरता का हो?"

"हो, बाई. आज पहिल्यांदाच," तो म्हणाला आणि त्यानं सुताराच्या मानेखाली हात घातला.