वारा फिरला

रत्नागिरीच्या विमानशाळेत फणसोपकर सरांनी महिनाभर एकच गोष्ट घोकून घेतली होती. "ढगात बाहेरचं काही दिसत नाही, काट्यांवर नजर ठेवा. जमिनीजवळ वारा एकदम फिरला आणि वेगाचा काटा पडला, तर उतरायचा हट्ट नको. सरळ वर जा, फिरून परत या. त्यात कसली लाज?"

परीक्षा सिम्युलेटरवर होती, म्हणजे मरायची सोय नव्हती. पण पास झाल्याशिवाय खऱ्या विमानात कुणी बसवणार नव्हतं. ऐन उतरताना सरांनी वारा फिरवला. दर्शनने हट्टाने विमान खाली दामटलं आणि असं आपटलं की अख्खा पडदा लाल झाला. केळशीच्या ऋतिकाने वेळीच विमान वर घेतलं. सरांनी चक्क टाळ्या वाजवल्या आणि तिची परीक्षा तिथेच संपवली.

संध्याकाळी निकाल लागला. दर्शन पास, ऋतिका नापास. ती तडक सरांकडे गेली.

"सर, तुम्ही शिकवलंत तेच केलं ना मी?"

"अगो, तुझंच बरोबर," सर हळूच म्हणाले.



मग तेच पुढे म्हणाले, "पण वरून आलेल्या फॉर्मात रकाने दोनच, 'उतरलं' आणि 'नाही उतरलं'. दर्शनचं आपटलं, पण उतरलं ना!"