समोर अडथळा

गाडी पुन्हा ओरडली. लवूनं ब्रेकवरचा पाय उचलला, गाडी वीतभर पुढे गेली, कर्कश बीप वाजली आणि आपणच ब्रेक मारून थांबली. पडद्यावर लाल अक्षरं उमटली : समोर अडथळा आहे. समोर बेव्हर्ली पार्कातल्या त्यांच्या सोसायटीचं सताड उघडं फाटक होतं आणि त्यापलीकडे दसऱ्याचा निवांत रस्ता.

"परेशभाय, जरा देखो तो, आगे क्या है?" लवूनं काच खाली करून विचारलं.

पहिल्या मजल्यावरचा परेश वाकून बघून आला. "आगे तो कुछ भी नहीं है, लवूभाय. गाडी को भरम हुआ है."

लवूशेजारी त्याची बायको दुर्गा नवी साडी सावरत, मांडीवर पर्स आणि आपट्याच्या पानांची पिशवी घेऊन बसली होती. चेण्याला तिच्या भावाकडे सोनं द्यायला जायचं होतं. लवूनं ही जुनी पण मोठ्या नावाची परदेशी गाडी घेतली, तेव्हाच तिनं अट घातली होती. ज्या दिवशी कंपनीचा मेकॅनिक बोलवावा लागेल, त्या दिवशी गाडी विकायची. गाडी रंगानं काळी होती, पण दुर्गाच्या लेखी तो पांढरा हत्ती होता. लवू तेव्हा छाती फुगवून म्हणाला होता, "अगं, आयुष्यभर ट्रक चालवले आणि मीच खोलले. गाडी ती गाडी. घरच्या घरी होतं सगळं."

तसं ते होतही होतं, पण गाडीच्या मर्जीनं. बॅटरी बोनेटखाली शोधून शोधून शेवटी डिकीत सापडली होती. ऑइल बघायची पट्टी नव्हतीच. ऑइल किती आहे ते गाडी स्वतः सांगायची, तेही तिच्या मनात असेल तर. हेडलाइटचा बल्ब बदलायला अख्खा बंपर उतरवावा लागला आणि परत लावल्यावर दोन स्क्रू उरले. दुर्गाला कळू नये म्हणून लवूनं ते मसाल्याच्या डब्यात लपवले, आणि ते अर्थातच दुर्गालाच सापडले.

आज मात्र अडथळाच सापडेना. आधी फाटकाजवळची सायकल हलवली. मग वॉचमनची खुर्ची गेली, तुळशीची कुंडी गेली, शेवटी वॉचमनही गेला. गाडी ओरडतच राहिली. लवूनं बोनेट उघडून आतली प्लॅस्टिकची झाकणं काढली, पुसली, परत बसवली. डिकीतली बॅटरी सोडून पुन्हा जोडली, तशी गाडी ताज्या दमानं ओरडायला लागली.

बघता बघता सगळी सोसायटी खाली जमली. "जे दिसत नाही तेच आडवं येतं," असं म्हणत तिसऱ्या मजल्यावरच्या सत्यवतीकाकू मीठ-मोहऱ्या घेऊन गाडीसमोर दृष्ट काढायला उभ्या राहिल्या. गाडीनं असा काही सूर लावला की पोरं त्यावर नाचायला लागली.

"काकू, आता खरंच अडथळा आहे, तुमचाच," लवू म्हणाला, आणि हसून हसून परेशला खाली बसावं लागलं.

लवूच्या नव्या सदऱ्याला ग्रीस लागलं होतं, कपाळावर काळा पट्टा ओढला गेला होता, आणि गडी भलताच खुशीत होता. दुर्गा काचेतून बघत होती. ट्रक सोडून घरी बसल्यापासून तिनं त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं.

शेवटी तो तिच्या खिडकीशी आला. "हरलो बाई. बोलावतो कंपनीच्या माणसाला." त्यानं खिशातून फोन काढून कानाला लावला. पोरं नाचायची थांबली.

दुर्गाला सकाळची गोष्ट आठवली. सकाळी पूजेच्या वेळी गाडी चालूच होती. तिनं झेंडूचा हार बोनेटच्या वरच्या कडेला बांधला तेव्हा गाडी गप्प होती. हार घसरून खाली जाळीतल्या सेन्सरसमोर आला तशी ती ओरडली. दुर्गानं हार वर केला. गाडी गप्प. खाली आणला. बीप. मग तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि हार खालीच बांधला, चांगला दुहेरी गाठीनं. पूजेच्या हाराला कोण हात लावणार होतं?

ती लगबगीनं खाली उतरली. पर्समध्ये तिचा फोन थरथरत होता, पण तिचं लक्ष नव्हतं.

"थांबा हो, जरा ठेवा तो फोन," ती म्हणाली. "हार उन्हानं मलूल झालाय. काढते मी."

तिनं नखांनी गाठ सोडवली. हार हातात आला आणि गाडी गप्प झाली. पडद्यावरची लाल अक्षरं विझली.

सोसायटीनं टाळ्या पिटल्या. परेशच्या मते काम बॅटरीनं केलं, सत्यवतीकाकूंच्या मते मीठ-मोहऱ्यांनी. लवूनं दोघांकडे बघून मान डोलावली.

गाडी घोडबंदर रस्त्याला लागली. लोण्यातून सुरी जावी तशी चालली होती. हार मांडीवर घेऊन बसलेल्या दुर्गानं भावाला निघालो म्हणून कळवायला फोन बाहेर काढला. एक मिस्ड कॉल होता. मघाचा. लवूचा.

तिनं मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. कपाळावरचा ग्रीसचा पट्टा तसाच मिरवत तो शीळ घालत होता.

"पुढच्या दसऱ्याला हार जरा वर बांध," रस्त्यावरची नजर न काढता तो म्हणाला. "सकाळी आधी बांधला होतास ना, तिथंच."