पाहणीसाठी सजवलेली बाग

समितीची गाडी फाटकाशी थांबली, तेव्हा काकू ओल्या फडक्याने घसरगुंडीवरचा शेवटचा डाग पुसत होत्या. बाग अशी लखलखत होती, की आत शिरताना माणसाने चपला काढून हातात घ्याव्यात. काकूंनी समाधानाने एकदा सगळीकडे नजर फिरवली आणि फडकं पाठीमागे लपवलं.

बिल्डरचा अर्ज साधा होता. या बागेत कोणी फिरकत नाही, तेव्हा तिचं आरक्षण उठवावं आणि इमारत बांधू द्यावी. नगररचना समिती आज जागेवर येऊन काय ते ठरवणार होती. इमारत झाली तर तिची भिंत काकूंच्या वरच्या मजल्यावरच्या खिडकीला अगदी नाक लावून उभी राहणार होती. आणि त्या खिडकीत साहेब बसायचे.

साहेब म्हणजे काकूंचे यजमान. याच समितीचे ते कितीतरी वर्षं अध्यक्ष होते. ऑफिस घरी आणायचं नाही हा त्यांचा बाणा, त्यामुळे तिथे ते काय करतात हे काकूंना कधी कळलं नाही. मग झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. उरला तो डावा हात आणि ती खिडकी. संध्याकाळी खाली मुलांचा दंगा सुरू झाला, की साहेब अर्ध्या तोंडाने हसत. त्या अर्ध्या हसण्यावर काकू दिवस काढत होत्या.

एरवी ती बाग म्हणजे निव्वळ मातेरं होतं. मुलांनी धावून धावून मधल्या गवताचं टक्कल करून टाकलेलं. झोक्याखाली पाय घासून खड्डा पडलेला. बसस्टॉपकडे जायला जवळचा रस्ता म्हणून बायका या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात तिरक्या जात, तिथे चांगली दगडासारखी पायवाट झालेली. हे ध्यान समितीला दाखवायचं? पाहुणे यायचे म्हटलं की काकू कपाटं आतूनही पुसून घेत. आलं काकूंच्या मना, तिथे कोणाचं चालेना. माळ्याला बोलावून त्यांनी टकलावर नवी हिरवळ अंथरून घेतली, खड्डा बुजवला, झोक्याला रंग दिला. पायवाट उकरून तिच्यावरही गवत बसवलं. पोरं आली की हे दोन दिवसांत उखडणार, असं माळी म्हणाला. मग काकू घरोघर फिरल्या. पाहणी होईपर्यंत मुलांना सोडू नका आणि तुम्हीही लांबून जा, असं त्यांनी बजावलं. सगळ्यांनी ऐकलं. बाग सगळ्यांनाच हवी होती.

हे चाललेलं असताना साहेब वरून डाव्या हाताने काच बडवत होते. काकूंना आधी वाटलं, शाबासकी देताहेत. त्यांनी खालून हसून हात हलवला. दुसऱ्या दिवशी वाटलं, मुलं दिसत नाहीत म्हणून रुसलेत. चारच दिवस कळ काढा, अशी त्यांनी लहान मुलाला समजावतात तशी समजूत काढली. त्यावर साहेबांनी चहाचा कप भिंतीवर फेकला. आजारी माणूस, चिडायचाच. काकूंनी तुकडे गोळा केले, पडदा ओढला आणि खुर्ची भिंतीकडे फिरवून ठेवली.

नवे अध्यक्ष गाडीतून उतरले. एके काळी ते साहेबांच्या हाताखाली होते. त्यांनी काकूंना वाकून नमस्कार केला आणि मग मान खाली घातली ती वर केलीच नाही. गवत बघत बघत ते या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. झोक्याखाली बसून त्यांनी जमिनीवर हात फिरवला. झोक्याच्या फळीवर बोट घासलं. रंगावर एक ओरखडा नव्हता.

"इथे कोणी येत नाही, वहिनी," ते म्हणाले.

काकूंना आधी ती थट्टाच वाटली. मग त्यांच्या तोंडून सगळं भडाभडा बाहेर पडलं. मुलं रोज येतात, मीच थांबवली, गवतही मीच घातलं, आत्ता हाक मारते, सगळी धावत येतील.

"हाक मारल्यावर कुठेही येतात," अध्यक्ष म्हणाले. त्यांना वाईट वाटत होतं, पण हे त्यांनी बऱ्याच बागांत ऐकलेलं होतं. शिवाय साहेबांच्या घरासमोरची बाग. इथे सूट दिली तर लोक वशिला म्हणतील. त्यांनी बरोबर आलेल्या दोन सदस्यांकडे पाहिलं. त्या दोघांनी माना डोलावल्या. आरक्षण उठलं.

जाण्यापूर्वी साहेबांना भेटल्याशिवाय अध्यक्षांना राहवेना. ते काकूंबरोबर वर गेले. भिंतीकडे फिरवलेली खुर्ची त्यांनी प्रेमाने वळवली, पडदा सारला आणि साहेबांच्या कानाशी वाकले.

"साहेब, तुमच्याच पद्धतीने निकाल दिला. माणसांचं ऐकायचं नाही, ती रडतात. जमीन बघायची. गवत झिजलेलं नसेल तर बाग उठवायची. तुम्ही शिकवलेलं अजून तसंच पाळतो आम्ही."

काकूंनी दारातूनच काचेकडे पाहिलं. खिडकीतून सगळी हिरवळ दिसत होती, आणि काच बडवणारा तो हात आता साहेबांच्या मांडीवर गप्प पडून होता.