महिनाभर फुकट आवाज

जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून गिरीराज आईला म्हणाला, "अम्मा, इथं बस. आज तुझ्या बोलण्याची सोय लावून टाकू."

रत्नाबाई बसल्या. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज कायमचा गेला होता, आणि आवाज गेला म्हणजे कानही गेले, असं घरात सगळे धरून चालले होते. गिरीराज आणि त्याची बायको शिवानी त्यांच्या डोक्यावरून एकमेकांशी बोलायला लागले.

निवड दोन सॉफ्टवेअरमधून करायची होती. दोन्ही घरगुती वापराची, पत्र लिहा, हिशेब मांडा अशी. एक अगदी फुकट. दुसऱ्याला दर वर्षी पैसे भरायचे. पण लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवायचं बटण त्यातच होतं, आणि पहिला महिना त्याचेही पैसे पडत नव्हते.

"फुकटचंच घ्या की," शिवानी म्हणाली. "अम्मा असं काय बोलणार आहेत? चहा दे, पंखा लाव. तेवढ्यासाठी दर वर्षी पैसे?"

"तिकडे होसकोटेला अक्काशी बोलायला नको का? स्वल्प बघू तरी."

होसकोटेचं हे असंच डोक्यावरून ठरलं होतं. थोरल्या लेकीचं घर तिथं मोठं, हवा बरी. येत्या रविवारी रत्नाबाईंना तिकडे पोचवायचं, ते कायमचं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी आपण होऊन दोनदा कागदावर लिहून दिलं, तर "सरी अम्मा, बरं, मग वाचतो," म्हणत गिरीराजनं कागद खिशात घातला आणि तो शर्ट कागदासकट धुण्यात गेला. मोठ्यानं म्हटलेलं काही खिशात घालता येत नाही. त्या बटणात रत्नाबाईंचा जीव अडकला होता तो यासाठी.

गिरीराजनं भाषांच्या यादीतून मराठी निवडली. रत्नाबाई सरसावून बसल्या. सगळी नोकरी कचेरीत टायपिस्ट म्हणून झालेली, बोटं अजून भराभर चालत. त्यांनी एक ओळ लिहिली. गिरीराजनं बटण दाबलं. काहीच ऐकू आलं नाही. पुन्हा दाबलं, तरी लॅपटॉप गप्पच.

"बघा, पैसे भरले असते तर गेलेच होते," शिवानी म्हणाली. मग तिनं वाकून पडद्यावर पाहिलं. "अहो, अम्मांनी लिहिलंय मराठीच, पण अक्षरं कन्नड आहेत. यातल्या मराठी बाईला ती कशी वाचता येणार?"

खरंच होतं. मराठी बोलायची आणि लिहायची कन्नड अक्षरांत, ही कन्नड मुलखात मुरलेल्या या घरची रीत इतकी जुनी होती की ती कुणाच्या लक्षातही येत नसे. रत्नाबाईंची शाळा कन्नड, टाइपरायटर कन्नड. देवनागरीशी त्यांचा कधी संबंधच आला नव्हता. गिरीराजनं यादीतून कन्नड निवडली आणि बटण दाबलं.

"मी रत्नाबाई," लॅपटॉप म्हणाला.

आवाज विशीतल्या पोरीचा होता. मेट्रोत स्टेशनांची नावं सांगतात तसा स्वच्छ, गोड. रत्नाबाईंच्या अंगावर काटा आला. कितीतरी महिन्यांनी त्यांचं म्हणणं या खोलीत ऐकू आलं होतं. दोघं आता त्यांच्याकडे बघत होते, त्यांच्या डोक्यावरून नाही.

हीच वेळ होती. मनात घोळवून घोळवून गुळगुळीत झालेलं वाक्य त्यांनी लिहून काढलं आणि बटण या वेळी स्वतः दाबलं.

"मी होसकोटेला जाणारा नाही," पोरगी म्हणाली. "हे माझं घरा आहे."

रत्नाबाईंनी लिहिलं होतं बरोबरच. पण कन्नड बोलणारी ती पोरगी शब्दाचं शेवटचं अक्षर मराठीसारखं तोडत नव्हती, पुरं म्हणत होती.

शिवानीला हसू फुटलं. "जाणारा! अम्मा, तुम्ही पुरुष कधी झालात?" आणि मेट्रोतल्या बाईची नक्कल करत ती म्हणाली, "मुंदिन निल्दाण, पुढचं स्टेशन, होसकोटे." गिरीराजनं तोंड दाबून धरलं होतं, पण त्यालाही राहवलं नाही. ऑपरेशनपासून या घरात कुणी असं हसलंच नव्हतं.

रत्नाबाईंच्या कपाळाची शीर उडायला लागली. चूक कुठं आहे ते टायपिस्टच्या नजरेनं त्यांनी लगेच हेरलं. दोन्ही शब्दांतला शेवटचा 'र' पाय मोडून लिहिला, आणि पुन्हा बटण दाबलं.

"मी होसकोटेला जाणार नाही. हे माझं घर आहे."

आता वाक्य बिनचूक आलं होतं. त्यात राग तेवढा नव्हता. जिच्या एका हाकेनं लहानपणी गिरीराज खेळ टाकून गल्लीच्या टोकावरून पळत यायचा, त्या बाईचा राग त्या गोड पोरीला काही केल्या म्हणता येत नव्हता. दरवाजे डावीकडे उघडतील, असं सांगावं तसं तिनं सांगून टाकलं.

"ऐय्यो, किती लाडात बोलतात बघा," शिवानी म्हणाली, आणि दोघांना नव्यानं हसू आलं.

रत्नाबाईंनी दोनच शब्द लिहिले.

"हसू नका," पोरगी गोड आवाजात म्हणाली.

शिवानी पोट धरून खुर्चीत बसली. गिरीराजच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते मनगटानं पुसत त्यानं लॅपटॉप आपल्याकडे ओढला आणि पैसे भरायला खिशातून कार्ड काढलं.

"हेच घेऊ, अम्मा," तो म्हणाला. "फुकटच्यात ही मजा नाही."