बारा दुणे बावीस

पोह्यांच्या बशा संस्कृतीनंच बाहेर आणल्या. पहिली भरतला दिली, दुसरी त्याच्या वडलांना, चिमाजींना.

"मीठ कमी पडलंय," भरत म्हणाला.

"मग खाऊ नकोस."

सावळेरामआप्पांनी भुवई उचलली. घरी आलेल्या पावण्याशी असं बोलतात व्हय?

आप्पा म्हणजे संस्कृतीचे थोरले चुलते. तिचे वडील गेल्यापासून लोणीतल्या या घरात त्यांचाच शब्द शेवटचा. स्थळाची गोष्ट पहिल्यांदा निघाली तेव्हा ते ताडकन म्हणाले होते, "आपल्या घरात असलं कधी झालं न्हाई. पोरापोरींनी आपसात जमवायचं अन् आमी नुसत्या अक्षता टाकायच्या? जमायचं न्हाई!" त्या दिवशी संस्कृतीची आई, कुशाबाई, ओट्यापाशी उभी राहून रडली. संस्कृती रडली नाही. निदान माणसं तरी बघा, म्हणून तिनं हट्ट धरला. आज आप्पा हो म्हणाले तर म्हणाले, नाहीतर विषय कायमचा संपला.

भरत आणि ती मंचरला एकाच वर्गात रसायनशास्त्र शिकले. आता ती कॉलेजात शिकवते, तो साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत असतो. ओळख जुनी, भांडणंही जुनी.

भरतच्या घरी बाईमाणूस नव्हतं, म्हणून बापलेक दोघंच आले होते. मुलाच्या बापानं खरं तर कसं ऐटीत बसावं! पण कडक इस्त्रीच्या शर्टात चिमाजींना घाम फुटला होता आणि घास काही उतरत नव्हता.

"कारखान्यात काय करता?" आप्पांनी भरतला विचारलं.

"रसात साखर किती, ते तपासतो."

"मग साखर म्हंजे काय, सांगा बरं."

"सी बारा, एच बावीस, ओ अकरा."

"हा काय मोटारीचा नंबर?"

संस्कृती खो खो हसली. "आप्पा, हे साखरेच्या रेणूचं सूत्र. घरात माणसं किती, तसं. बारा कार्बन, बावीस हायड्रोजन, अकरा ऑक्सिजन. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, हे दोघं जोडले की साखर होते. दोघांचं सूत्र अगदी एकच. सहा, बारा, सहा."

"म्हंजे दोघं सारखेच की."

"नाही ना! अणू तेवढेच, पण जोडणी वेगळी, म्हणून गुण वेगळे. कोण किती, ते सूत्र सांगतं. कोण कुणाला जोडलंय, ते नुसतं सूत्र पाहून कळत नाही."

हिशेबात आप्पांचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. त्यांनी बोटांवर मोजलं आणि लगेच पकडलं. "बारा दुणे चोवीस. तुमचे बावीस कसे? सहा दुणे बारा, तुमचे अकरा कसे? दोन हायड्रोजन अन् एक ऑक्सिजन गेला कुठं?"

"त्याचं पाणी झालं," भरत म्हणाला. "दोघं जोडले जाताना तेवढं पाणी सुटतं."

चौकटीला टेकलेली कुशाबाई पदरानं डोळे टिपत होती. आप्पांनी तिच्याकडं पाहिलं. भाऊ गेल्यापासून त्यांनी तिला मोठ्यानं हसताना ऐकलं नव्हतं.

"म्हंजे पाणी आलं म्हणून जोडायचं थांबत न्हाई," ते हळूच म्हणाले.

"पाणी सुटल्याशिवाय जोडच होत नाही, आप्पा," संस्कृती म्हणाली.

आप्पांनी घसा खाकरला. "लोक काय, बोलतच असत्यात. आणा सुपारी. पाट मांडा."

संस्कृतीला इतका आनंद झाला की हातातली बशी निसटली. आप्पांनी ओझरच्या गणपतीला मनातल्या मनात हात जोडले. दोन पाट मांडले गेले. एकावर चिमाजी बसले. संस्कृतीनं आईचा हात धरून तिला दुसऱ्या पाटावर, चिमाजींच्या शेजारी बसवलं आणि भरतकडं वळून म्हणाली, "बघतोस काय, दादा? साखर वाट."